कागदाची बाहुली कामाला निघते

अल्जीरियातलं ओरान हे बंदराचं शहर १९५३ साली फ्रेंचांच्या अमलाखाली होतं. तिथल्या एका सुखवस्तू घरात १७ वर्षांचा एक मुलगा आईची मासिकं आणि कात्री घेऊन बसायचा. ‘व्होग’, ‘पारी मॅच’, ‘जार्दां दे मोद’ यांच्या पानांवरच्या नावाजलेल्या मॉडेल्सच्या आकृत्या तो कडेकडेने कापून घ्यायचा. मग प्रत्येकीच्या मापाचे कपडे कागदावर काढायचे, रंगवायचे, कापायचे आणि अंगावर चढवून बघायचे. दोनेक वर्षांत ११ बाहुल्या तयार झाल्या. त्यांचे कपडे झाले ४४३, आणि टोप्या, पर्स अशा जोडीच्या वस्तू १०५.

कपडे काढून तो थांबला नाही. त्याने मनातल्या मनात एक फॅशनगृह काढलं आणि त्याचा पत्ता ठरवला पॅरिसमधला प्लास व्हांदोम, म्हणजे जवाहिऱ्यांचा आणि बड्या दुकानांचा चौक. या फॅशनगृहाचे हंगाम ठरलेले होते. प्रत्येक हंगामाची कार्यक्रमपत्रिका तो हाताने लिहायचा. आधी कोणता पोशाख, नंतर कोणता, तो कोण घालणार, हे सगळं त्यात ओळीने मांडलेलं असे. बेटिना आणि सूझी पार्कर या त्या काळच्या गाजलेल्या मॉडेल्स त्याच्यासाठी कागदाच्या रूपात चालत होत्या. शाळेतली मुलं त्याला छळायची. घरी मात्र तो एका मोठ्या संस्थेचा मालक होता, आणि त्याच्या दोघी धाकट्या बहिणी हा खेळ बघायला असत.

हा मुलगा म्हणजे ईव्ह साँ लोराँ. १९५४मध्ये लोकरीच्या कपड्यांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याच्या पोशाखाच्या रेखाटनाला पहिलं बक्षीस मिळालं. १९५५मध्ये ख्रिस्तियाँ दिओरने त्याला आपल्याकडे कामाला घेतलं. १९५७च्या ऑक्टोबरात दिओर अचानक गेला आणि फ्रान्समधल्या सगळ्यांत बलाढ्य फॅशनगृहाची धुरा २१ वर्षांच्या या तरुणावर आली. पुढच्या जानेवारीत त्याने आपला पहिला संग्रह सादर केला. ओरानमधल्या त्या कागदी बाहुल्या आजही जपलेल्या आहेत. पॅरिसमध्ये २०१७ साली त्याच्या नावाने उघडलेल्या संग्रहालयाच्या त्या मालकीच्या आहेत.

‘लहानपणीचं स्वप्न खरं झालं’ असं म्हणून ही गोष्ट संपवता येईल, पण मग तिच्यातला सगळ्यांत कामाचा भाग हातातून निसटतो. या मुलाने स्वतः फॅशन डिझायनरचा वेष घालून आरशापुढे मिरवलं नव्हतं. त्याने त्या माणसाचं काम केलं होतं. एका हंगामाला किती पोशाख लागतात, दिवसाचे किती आणि संध्याकाळचे किती, कोणत्या मॉडेलला काय शोभेल, कशावर कोणती टोपी जाईल, हे सगळे निर्णय त्याने कागदावर पुन्हा पुन्हा घेतले. अर्थात कागदी बाहुल्या करणारी मुलं त्या काळी घरोघरी होती आणि त्यांतली बहुतेक पुढे आणखी काहीतरी झाली. बाहुलीने डिझायनर घडवला असं कोणी म्हणू नये. पण एखादं काम आतून कसं असतं, याचा अंदाज लहान वयात घेण्याची एक स्वस्त आणि सुरेख सोय या खेळात आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

ही सोय जुनी आहे. लंडनमध्ये एस. अँड जे. फुलर या प्रकाशकांनी १८१०मध्ये ‘लिटल फॅनी’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात गोष्टीच्या प्रत्येक टप्प्याचा एक कागदी पोशाख होता आणि एकच सुटं मुंडकं. गोष्ट पुढे सरकेल तसं ते मुंडकं एका पोशाखातून काढून दुसऱ्यात बसवायचं. किंमत शिलिंगांत, म्हणजे हा खेळ पैसेवाल्यांच्याच मुलांचा. पुस्तक इतकं खपलं की त्याच वर्षी मुलांसाठी ‘लिटल हेन्री’ निघालं.

ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली की मन खट्टू होतं. फॅनी नटवी आणि हट्टी. आईचं न ऐकता नवे कपडे घालून ती बाहेर पडते, लुटली जाते, भीक मागते, रस्त्यावर मासे विकते आणि शेवटी साध्या कपड्यांत, हातात पुस्तक घेऊन, शहाणी होऊन घरी परतते. हेन्रीही घरापासून दुरावतो, त्याच्यावरही भीक मागायची वेळ येते. पण त्याचा रस्ता वर जातो. तो पलटणीत ताशा वाजवणारा पोरगा होतो, मग खलाशी आणि मग आरमारातला शिकाऊ अधिकारी. मुलीच्या गोष्टीत काम करावं लागणं ही शिक्षा आहे आणि मुलाच्या गोष्टीत तीच प्रगती आहे. खेळणं बनवणाऱ्यांच्या मनात जे असतं ते असं कागदावर उतरतं आणि मुलांच्या हातात जातं.

पुढच्या दीडशे वर्षांत कागदी बाहुली स्वस्त झाली, मासिकांच्या पानांवर आली, घराघरांत पोचली. अमेरिकेत तर १९३०च्या मंदीच्या काळात ती गरिबाघरचं हुकमी खेळणं ठरली. विकतची बाहुली परवडत नसली तरी जुनी मासिकं आणि मालाच्या सूचीपुस्तिका घरात असायच्याच. दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत आणि सैन्यदलांच्या तुकड्यांत गेल्या, तशा गणवेशातल्या कागदी बाहुल्याही दुकानांत दिसू लागल्या. मोठ्यांच्या जगात जे घडतं ते कागदी बाहुलीच्या कपड्यांत लगेच उमटतं, कारण नवा साचा पाडावा लागत नाही. नवा कागद पुरतो.

या वेगाचा सुंदर उपयोग जॅकी ऑर्म्स या चित्रकार बाईंनी केला. अमेरिकेत वृत्तपत्रासाठी चित्रमालिका काढणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री व्यंगचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांची टॉर्ची ब्राउन ही नायिका १९३७मध्ये ‘पिट्सबर्ग कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात अवतरली. मिसिसिपीतल्या खेड्यातून ती न्यू यॉर्कला जाते, रंगमंचावर नाव कमावायला. १९५०मध्ये टॉर्ची रंगीत पुरवणीत परतली तेव्हा मालिकेसोबत कापून घ्यायची कागदी बाहुली आणि तिचे कपडे येऊ लागले. तोवर छापील खेळण्यांमध्ये काळ्या मुलींच्या वाट्याला बहुधा मोलकरणीची भूमिका नाहीतर थट्टेचं चित्र येई. इथे त्यांना आपल्यासारखी दिसणारी, ऐटबाज, स्वतःच्या पायावर उभी असलेली तरुणी कात्रीने कापायला मिळाली. शेवटच्या कथानकात ही टॉर्ची एका डॉक्टरच्या साथीने, रसायनांच्या कारखान्यामुळे आजारी पडणाऱ्या वस्तीसाठी झगडते. बाहुलीच्या कपड्यांच्या शेजारीच तिच्या कामाची गोष्ट छापलेली होती. लहान वाचक मुलीला दोन्ही एकत्र मिळत होतं, आणि ऑर्म्स यांचं मोठेपण यातच आहे.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात रूथ हँडलर आपल्या मुलीचा, बार्बराचा खेळ न्याहाळत होत्या. बार्बरा आणि तिच्या मैत्रिणी तान्ह्या बाळाच्या बाहुल्या बाजूला सारून मोठ्या बायकांच्या कागदी बाहुल्या घ्यायच्या आणि त्यांच्या तोंडून मोठ्यांसारख्या गप्पा मारायच्या. बाळाच्या बाहुलीशी खेळणारी मुलगी फक्त आई होऊ शकते. कागदी तरुणी हातात असली की ती बाकीचं सगळं होऊ शकते, हे रूथबाईंनी हेरलं. कपडे अडकवायच्या कागदी पट्ट्या सुटतात, कपडे गळून पडतात आणि मुली वैतागतात, हेही त्यांनी पाहिलं. पुढे युरोपच्या सहलीत त्यांना जर्मनीतली ‘लिली’ ही तरुणीच्या आकाराची बाहुली दिसली आणि ९ मार्च १९५९ रोजी न्यू यॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत त्यांच्या मॅटेल कंपनीची बार्बी आली. या बाहुलीचं मूळ कागदी बाहुलीत आहे.

बार्बी १९६१मध्ये परिचारिका आणि विमानसेविका झाली, १९६५मध्ये अंतराळवीर आणि १९७३मध्ये शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. १९९२मध्ये ती राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार झाली. एवढे व्यवसाय दुसऱ्या कोणत्याच बाहुलीने केले नसतील. मग तिच्याशी खेळून मुलींची स्वप्नं रुंदावली असणार, असं कुणालाही वाटेल.

ऑरोरा शर्मन आणि आयलीन झुरब्रिगन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. त्यांचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. ४ ते ७ वर्षांच्या ३७ मुलींना त्यांनी पाच-पाच मिनिटं खेळायला दिलं. काहींना फॅशनेबल बार्बी, काहींना डॉक्टर बार्बी, आणि काहींना मिसेस पोटॅटो हेड, म्हणजे नाक-कान-डोळे हवे तसे खोचता येणारी बटाट्याच्या आकाराची बाहुली. मग प्रत्येकीला दहा व्यवसाय दाखवून विचारलं, ‘मोठेपणी तू हे करू शकशील का? आणि मुलगा करू शकेल का?’ बार्बीशी खेळलेल्या मुलींनी स्वतःसाठी मुलांपेक्षा कमी व्यवसाय सांगितले. तिच्या अंगात डॉक्टरचा कोट होता की झगा, याने फरक पडला नाही. बटाट्याशी खेळलेल्या मुलींच्या उत्तरांत मात्र ही दरी लहान होती.

३७ मुली म्हणजे फार लहान गट आणि पाच मिनिटं म्हणजे फार थोडा खेळ. त्यावरून कुणाच्या घरातली बार्बी कचऱ्यात टाकायचं कारण नाही. पण या प्रयोगातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी दिसते. बार्बीच्या देहयष्टीचा परिणाम असावा, असा संशोधकांचा कयास होता. त्याला जोडून आणखी एक शक्यता विचारात घ्यावी. तयार डॉक्टर बाहुली मुलीच्या हातात येते तेव्हा कोट शिवून झालेला असतो, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला असतो, चेहऱ्यावर हसू रंगवलेलं असतं. ठरवण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. बटाट्याचं नाकसुद्धा मुलीला स्वतः खोचावं लागतं.

मुलांच्या मनातली ही कुंपणं केव्हा पडतात, याची कल्पना लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८१मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून येते. त्यांच्या मते मुलं आधी व्यवसाय गोळा करत नाहीत, तर वगळत जातात. तीन ते पाच वर्षांची मुलं जगाची वाटणी लहान आणि मोठं, बलवान आणि दुबळं अशी करतात. सहा ते आठच्या दरम्यान ‘हे बायकांचं, ते पुरुषांचं’ अशी फुली पडते. त्यानंतर, नऊ ते तेराच्या वयात, प्रतिष्ठेची फुली पडते. आपल्यासारख्या घरातल्यांनी कुठवर मजल मारावी आणि कोणतं काम हलकं, हे तेव्हा मनात बसतं. स्वतःची आवड आणि कुवत यांचा विचार त्यानंतर येतो. तोवर यादी आधीच आखूड झालेली असते. दहावीच्या निकालानंतर समुपदेशकाकडे धावणाऱ्या पालकांनी हा क्रम समजून घ्यायला हवा. त्यांच्या मुलाने किंवा मुलीने बरीचशी दारं पहिली-दुसरीतच लावून घेतलेली असतात.

चित्रांतूनही हेच दिसतं. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांनी ‘वैज्ञानिक’ काढला. त्यांतल्या फक्त २८ चित्रांत बाई होती, आणि ती २८ चित्रं मुलींनीच काढलेली होती. २०१८मध्ये असे ७८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, मुलं होती २०,०००हून अधिक. अलीकडच्या दशकांत बाईचं चित्र काढणाऱ्यांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत आलेलं दिसलं. जग बदललं तसा कागदही बदलला. मात्र वय वाढतं तशी मुलं पुन्हा पुरुष वैज्ञानिक अधिक काढू लागतात, हेही त्यात आढळलं.

शिवाय कोणते व्यवसाय असतात, हेच मुलांना ठाऊक नसतं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२०मध्ये ४१ देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांचा अहवाल काढला. ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली तिशीत आपण काय करत असू याचं उत्तर अवघ्या दहा लोकप्रिय व्यवसायांतून देत होते. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वीस देशांतल्या ७ ते ११ वर्षांच्या मुलांनी मोठेपणी काय व्हायचंय याची चित्रं काढली. आपल्याला हव्या असलेल्या व्यवसायाची माहिती शाळेत भेटायला आलेल्या माणसाकडून मिळाली, असं सांगणारी मुलं एक टक्काही नव्हती. घरातले लोक आणि पडदा, एवढेच त्यांचे मुख्य स्रोत.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या वेशभूषा स्पर्धा आठवून पाहाव्यात. डॉक्टर, सैनिक, पोलीस, वकील, नाहीतर सावित्रीबाई आणि शिवाजी महाराज. पोशाख भाड्याने आणलेला, दोन वाक्यं पाठ केलेली. मूल मंचावर जातं, वाक्यं म्हणतं आणि टाळ्या घेऊन खाली उतरतं. हौस म्हणून हे छानच आहे. पण तो कोट घातलेला माणूस दिवसभर काय करतो, हे या दोन मिनिटांत त्याला कळत नाही.

इथे मार्जोरी रोड्स आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग उपयोगी पडतो. ४ ते ९ वर्षांच्या मुलांना विज्ञानाचा एक खेळ देताना काहींना सांगितलं, ‘चला, वैज्ञानिक होऊया.’ काहींना सांगितलं, ‘चला, विज्ञान करूया.’ दुसरं वाक्य ऐकलेल्या मुली खेळात अधिक वेळ टिकून राहिल्या. वैज्ञानिक म्हटलं की मुलीच्या मनात एक ठरावीक माणूस उभा राहतो आणि आपण त्याच्यासारखे नाही, ही शंका येते. विज्ञान करायचं म्हटलं की समोर फक्त काम असतं.

याच्या उलट दिसणारा, पण खरं तर त्याला पूरक असा आणखी एक प्रयोग आहे. रेचल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४ आणि ६ वर्षांच्या १८० मुलांना दहा मिनिटांचं कंटाळवाणं काम दिलं. शेजारी टॅब्लेटवर खेळ ठेवला आणि हवं तेव्हा थांबायची मुभा दिली. काही मुलांनी बॅटमॅन, बॉब द बिल्डर, डोरा अशा एखाद्या पात्राचं सोंग घेतलं आणि मध्येमध्ये स्वतःला विचारलं, ‘बॅटमॅन मन लावून काम करतोय का?’ हीच मुलं सगळ्यांत जास्त वेळ कामाला चिकटून राहिली. हातात काम असलं की सोंगही मदतीला येतं. स्वतःकडे जरा लांबून, दुसऱ्याच्या नावाने पाहिलं की कंटाळा झेलता येतो. कागदी बाहुलीच्या खेळात हे लांबून पाहणं आपसूक घडतं. मूल ‘मी’ म्हणत नाही. ते म्हणतं, ‘ही आता रात्रपाळीला चाललीय.’

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी १९३३च्या व्याख्यानात खेळाचं मर्म सांगताना दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलं होतं. त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळतात. एरवी त्या बहिणी असतातच, पण खेळात शिरल्या की बहीण कशी वागते याचे नियम शोधून तसं वागू लागतात. भातुकली मांडणाऱ्या मुलींना पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. चहा आधी पाहुण्याला, मग घरच्यांना, हे तिथे कुणी मोडत नाही. व्यवसायाच्या खेळातही मुलं नियमच हुडकतात. कंडक्टर आधी घंटी देतो की आधी तिकीट? दातांचा डॉक्टर एका वेळी किती जणांना आत घेतो? नियम माहीत नसेल तर खेळ अडतो आणि मूल उठून विचारायला येतं. हाच क्षण मोलाचा.

मात्र खेळाने अमुक टक्के बुद्धी वाढते किंवा करिअर घडतं, असे दावे करणाऱ्यांपासून जपून राहावं. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये कल्पनेच्या खेळावरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा ठाम कार्यकारणभाव सांगणारे पुरावे कमजोर निघाले. खेळ हे मुलांचं जगणं आहे. तो कशाचंही खात्रीचं औषध नसला तरी त्याची किंमत कमी होत नाही.

बाहुली घरी करायला फार काही लागत नाही. लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. वीतभर उंचीची आकृती काढावी, हात अंगापासून थोडे सुटे. शरीर साधं असावं, आणि घरातल्या माणसांसारखं. जाड, बुटकं, चष्मा असलेलं, चाकाच्या खुर्चीत बसलेलं, सगळ्या प्रकारचं. आकृतीवर पातळ कागद ठेवून बाहेरची रेघ गिरवली की कपड्याचं माप मिळतं. खांद्यांवर दोन आणि कमरेशी दोन पट्ट्या सोडायच्या, किमान दीड सेंटिमीटर लांब. त्याहून आखूड ठेवल्या की रूथबाईंनी पाहिलेलीच अडचण येते. पट्टी दुमडण्याआधी घडीच्या रेघेवर फूटपट्टीची कड दाबून फिरवली तर घडी नीट बसते. आणि एक गोष्ट आवर्जून करावी. अंगठा आणि तळवा यांच्या मध्ये कात्रीने छोटी चीर द्यावी, म्हणजे बाहुलीला हातात काहीतरी धरता येतं.

ही चीर कपड्यांहून महत्त्वाची आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची बाहुली करायची ठरवली तर कपड्यांनी काहीच साधत नाही. गावरान वाणांचं बियाणं जपण्यासाठी त्यांना २०२०चा पद्मश्री जाहीर झाला, पण त्यांच्या कामाला गणवेश नाही. शेजारच्या कुठल्याही आजीसारखं त्यांचं लुगडं. ओळख पटते ती हातातल्या वस्तूंवरून. मातीची मडकी, वालाच्या शेंगा, भाताच्या लोंब्या, बी टिकावं म्हणून राख. मूल हे सगळं कापू लागलं की विचारतं, राख कशाला? मग त्याला सांगावं लागतं की राखेमुळे कीड दूर राहते. शेतकरी, गवंडी, आचारी, विणकर, नाटकाचा नेपथ्यकार, सॉफ्टवेअर लिहिणारी मुलगी, यांतल्या कुणालाच ठरावीक पोशाख नाही. वेशभूषा स्पर्धेत त्यांचा नंबर लागत नाही, बाहुलीच्या खेळात मात्र लागतो.

सुरेखा यादव यांचं उदाहरण वेगळं. सातारा जिल्ह्यातल्या या बाई आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या जातात. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. त्यांच्या बाहुलीला वॉकीटॉकी हवा, लाल आणि हिरवा झेंडा हवा, टॉर्च हवी. पण खेळ सुरू झाला की कळतं, एक बाहुली पुरत नाही. इंजिनात लोको पायलट आणि सहायक दोघं असतात आणि पुढचा सिग्नल दिसला की दोघं तो मोठ्याने उच्चारून एकमेकांना सांगतात, म्हणजे चूक राहत नाही. सहायकाची बाहुली करावी लागते, तिला आवाज द्यावा लागतो. मग घरभर ‘हिरवा!’, ‘हिरवा!’ असा पुकारा होतो आणि आई स्वयंपाकघरातून ‘लाल!’ म्हणाली की गाडी करकचून थांबते. रेल्वेतली शिस्त मुलाला अशी खेळता खेळता कळते.

मोठ्यांचं काम इथे थोडंच आहे. ‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा, कारण त्याचं उत्तर मूल समोरच्याला आवडेल असं देतं. बाहुलीबद्दल विचारावं. हिचं आज काय काम आहे? हिच्यासोबत कोण कोण असतं? आज काय बिघडलं, आणि मग हिने काय केलं? डबा खायला वेळ मिळतो का? अडचणीचा प्रश्न सगळ्यांत फळतो. सगळं सुरळीत चाललेल्या व्यवसायाची गोष्ट पाच मिनिटांत संपते. वीज गेलेल्या दवाखान्याची गोष्ट दुपारभर चालते.

मुलग्यांना या खेळातून उठवू नये. ‘बाहुल्या काय खेळतोस?’ या एका वाक्यात गॉटफ्रेडसनबाईंची ती फुली घरातूनच पडते. मुलीने डॉक्टर बाहुलीला आठवडाभर फक्त स्वयंपाक करायला लावला तरी तिला दुरुस्त करायला जाऊ नये. तिने घरी पाहिलेली डॉक्टर तेच करत असेल. फार तर दुसरी बाहुली हातात घेऊन शेजारी बसावं आणि म्हणावं, ‘डॉक्टर, बाहेर पेशंट आलाय, स्वयंपाक मी बघतो.’ हे वाक्य बाबांच्या तोंडून आलं तर त्याचं वजन वेगळंच.

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं रद्दी, काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबा यांच्यातून खेळणी करून दाखवली. त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट कागदी बाहुलीलाही लागू पडते. खेळणं मोडून पाहायची मुभा हवी. विकतच्या महागड्या बाहुलीचे केस कापले तर घरात रागावणं होतं. लग्नपत्रिकेच्या बाहुलीचं डोकं फाटलं तर पाच मिनिटांत नवं होतं, आणि कालची वैमानिक आज मधमाश्या पाळू लागली तरी कुणाचं काही बिघडत नाही. मुलांनी वारंवार बेत बदलावेत, आणि हे वय त्यासाठीच आहे.

दहाव्या-अकराव्या वर्षी बाहुल्या मागे पडतात. तिथून पुढचा धागा शाळांनी धरायचा आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे, स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ बसून शिकण्यासाठी. या भेटी सहलीसारख्या उरकल्या जाऊ नयेत. जाण्याआधी मुलांनी त्या कारागिराची कागदी आकृती आपल्या अंदाजाने हत्यारांसकट करावी, परतल्यावर पुन्हा एकदा करावी आणि दोन्ही वर्गात शेजारी लावाव्यात. पहिल्या सुताराच्या हातात बहुधा नुसता हातोडा असतो. दुसऱ्याजवळ रंधा, पटाशी, गुण्या असतील, आणि ज्या मुलांनी नीट पाहिलं असेल त्यांनी लाकूड खरेदीचा हिशेब लिहायची वहीसुद्धा काढलेली असेल.